शेवटचं कडवं कुणी कापलं?

14 एप्रिलच्या रात्री कॅम्प चारात, व्हिनस चौकात उभे राहा. बघण्यासारखं पुष्कळ असतं, पण बघू नका. ऐका. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचलेले. खाली रस्ता हादरतो, बाजूला दुकानांची शटरं हादरतात आणि मध्ये आपली पोरं बेभान नाचतात. नाचू द्या. वर्षभर मान मोडून जीन्स शिवणारी, रिक्षा हाकणारी, दुसऱ्याची गटारं उपसणारी पोरं एक रात्र रस्त्याची मालक होतात, त्याने माझ्या पोटात दुखत नाही. ज्यांच्या दुखतं त्यांनी गणपतीच्या दहा दिवसांत कानात काय घातलं होतं ते आधी सांगावं.

माझा सवाल दुसरा आहे. मागच्या जयंतीला मी एका नाचणाऱ्या पोराचा दंड धरला आणि त्याच्या कानात ओरडून विचारलं, "हे गाणं कुणाचं रे?"

तो म्हणाला, "डीजेचं!"

ट्रक डीजेचा, स्पीकर डीजेचे, गाणंही डीजेचं. पोराची चूक नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते गाणं माझ्या बापाचं होतं.

बा 1972 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातून निघाला, कल्याणला उतरला आणि सुभाष टेकडीवर येऊन पत्रे ठोकून राहिला. हे शहरच उपटून आलेल्या माणसांचं. महायुद्धात सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकी, फाळणीनंतर त्यांत सिंध सोडून आलेली माणसं भरली, 1949 साली उल्हासनगर हे नाव मिळालं. त्यांना सरकारने निर्वासित म्हटलं आणि नोंद केली. माझा बा पण गाव सुटून आला होता. त्याची नोंद कुणी केली नाही. त्याला फक्त झोपडपट्टीवाला म्हटलं.

दिवसा तो अंबरनाथच्या एका कारखान्यात हेल्पर. रात्री गायनपार्टी. पेटी शेजारच्या मास्तरांची, ढोलकी बाची, एक खंजिरीवाला आणि मागे झील धरणारे तिघे. माणसं सहा. गाणी बाच लिहायचा. सिंधी दुकानदाराने रद्दीत टाकलेल्या उधारीच्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर. एका बाजूला कुणाकडून किती येणं, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब. चौथी पास नव्हता. अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं. पण एक नियम त्याने कधी मोडला नाही. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो आपलं नाव गुंफायचा.

मी लहानपणी विचारलं होतं, "बा, नाव कशाला घालतो?"

बा म्हणाला, "लेका, आपल्या घराला धड दार नाय, दाराला कुलूप नाय. गाण्याला तरी कुलूप पायजे का नको? नाव हेच कुलूप."

हे कुलूप काही बाने शोधलं नव्हतं. मी वारकरी नाही, आम्ही 1956 नंतरचे. पण चोखामेळ्याचं उदाहरण घ्या. त्याला देवळात घेतलं नाही. त्याची समाधी आजही पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे. तरी जवळपास सात शतकं झाली, ‘चोखा’ पुसता आला नाही. का? तर अभंगाच्या शेवटी तो बसलाय. शाहिरांनी तेच केलं, जलसेकारांनी तेच केलं. वामनदादा कर्डकांनी 1943 साली पहिलं गाणं लिहिलं आणि 15 मे 2004 ला जाईपर्यंत गावोगाव हिंडत गाणी लिहिली. अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली. त्यांच्याही गाण्याच्या शेवटी ‘वामन’ येतो. ज्यांना सातबारा नव्हता त्यांचा हा सातबारा. कागद नाही, तलाठी नाही, शिक्का नाही. गाणाराच साक्षीदार.

मग हे कुलूप फोडलं कुणी? सांगतो.

1986 साली एका कॅसेट कंपनीचा माणूस टेकडीवर आला. कंपनीचं नाव मी घेत नाही. एकीचं घेतलं तर बाकीच्या सोवळ्या ठरतील. जयंतीआधी भीमगीतांची कॅसेट काढायची होती. तेव्हा कॅसेट स्वस्त झाली होती, टेपरेकॉर्डर झोपडीत पोचला होता आणि आमची जयंती हा बाजार आहे हे शेठ लोकांना आमच्याआधी कळलं होतं. सहाही जण कामावर खाडा करून मुंबईला गेले. रात्रभर रेकॉर्डिंग. बाहेरगावचा एक नामांकित गायक पुढे, आमची पार्टी मागे.

आता कॅसेटचं गणित ऐका. कॅसेट 60 मिनिटांची. एका बाजूला 30. गाणी दहा. म्हणजे गाण्याला सहा मिनिटं. बाचं गाणं नऊ मिनिटांचं. काचेमागचा साहेब म्हणाला, दोन कडवी काढा. कुठली? शेवटची. बा म्हणाला, साहेब, मधली काढा. साहेब म्हणाला, मधली काढली तर गोष्ट तुटते, शेवटची काढली तर काय बिघडतं?

काय बिघडतं! बाचं नावच तेवढं बिघडतं.

पहाटे एका छापील कागदावर बाची सही घेतली आणि 150 रुपये दिले. सहा जणांत 25-25. खाडा धरला तर अंगावरच आले. पहिल्या लोकलने परत आले तोवर बा कुणाशी बोलला नव्हता.

कॅसेट आली. पाकिटावर कंपनीचं नाव, पत्ता, किंमत. गायकाचा फोटो. फोटोखाली त्याचं नाव आणि पुढे दोन शब्द: ‘आणि पार्टी’. सहा माणसं त्या दोन शब्दांत कोंबली. आणि गीतकार? गीतकाराच्या जागी छापलं होतं ‘पारंपरिक’. माझा बाप जिवंतपणी पारंपरिक झाला! टेकडीवर नळावर रांगेत उभा होता आणि पारंपरिक होता.

यात कायद्याची एक गंमत आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती झाली. कॅसेटच्या पाकिटावर काय छापणं सक्तीचं ते ठरलं. जिने कॅसेट काढली तिचं नाव-पत्ता, ज्याच्याकडे हक्क आहेत त्याचं नाव-पत्ता, आणि साल. ज्याने लिहिलं, ज्याने वाजवलं, ज्याने झील धरली, त्याची यादीत जागा नाही. नकली कॅसेट काढणाऱ्यांना धरायला केलेली दुरुस्ती होती ती. चोराला चोर ओळखता यावा म्हणून. ज्याच्या घरातून माल गेला त्याला कुणी विचारलं नाही.

आणि आम्ही? आम्ही धुतलेले तांदूळ नव्हतो. दोन महिन्यांत त्याच कॅसेटच्या नकला कॅम्पातल्या दुकानांत आल्या. अर्ध्या किमतीत. आम्ही त्याच घेतल्या. बाने स्वतः आपल्या गाण्याची नकली कॅसेट विकत घेतली, अस्सल परवडत नव्हती. जग आपल्या शहराला हसतं. ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय. हसा. पण लक्षात ठेवा, या शहरातून गेलेलं एक गाणं अस्सल होतं. नकली होतं ते फक्त त्याच्यावर छापलेलं नाव.

आता कंपन्यांना शिव्या घालून थांबलो असतो तर हा लेख लिहायला सोपा होता. शेठला शिव्या देणं आपल्याला छान जमतं. पण पुढचा हिशेब आपल्या घरातला आहे.

आमच्याकडची एक जयंती समिती घ्या. मी तिच्या मीटिंगला बसलो आहे. डीजेवाल्याला आगाऊ रक्कम. जनरेटरवाल्याला रोख. मंडपवाल्याला रोख. लायटिंगवाल्याला अर्धे आधी, अर्धे नंतर. मग विषय निघाला की 13 तारखेला रात्री आपल्याच टेकडीवरची गायनपार्टी बसवायची. सगळे खूश. पैशाचं काय? अध्यक्ष पेटीमास्तरांच्या पायाला हात लावून म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडून पैशाचं कसं बोलायचं? समाजाचं काम आहे."

वा रे समाज! डीजेवाला समाजाबाहेरचा, त्याला पैसे. पेटीमास्तर समाजातले, त्यांना पाया पडणं. पाया पडण्याने दुकानदार किराणा देतो का? मग मास्तरांनी तो कुठून आणायचा?

मी म्हटलं, निदान बॅनरवर त्यांची नावं टाका. उत्तर आलं, बॅनरवर जागा नाही. नव्हतीच. मी मोजलं. बॅनरवर 34 चेहरे होते. मध्ये बाबासाहेब, भोवती नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, भावीचा भाऊ. गाणारा एकही नाही. शब्द तोच बघा, पार्टी. राजकारणाच्या पार्टीला चेहरा असतो, मिरवणुकीनंतरच्या पार्टीला बाटली असते, आणि गायनपार्टीला? तिला ‘आणि’ असतो. आणि पार्टी.

आता दुसरं घर. आपलं साहित्याचं. आपण दलित साहित्याचा इतिहास लिहितो तेव्हा कविता मोजतो, आत्मकथनं मोजतो, परिसंवाद तर बोटं पुरत नाहीत इतके मोजतो. गाणं आलं की त्याला लोकसाहित्याच्या वळचणीला बसवतो. का? यमक जुळतं म्हणून? माईकवर गातात म्हणून? बाबासाहेबांनी 1920 साली ‘मूकनायक’ काढला, तो वाचता येणारे आपल्यात किती होते? ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत महाड, काळाराम मंदिर कुणी नेलं? जलशांनी नेलं. रात्रभर, कंदिलाच्या उजेडात, ढोलकीवर. भीमराव कर्डकांनी ते सगळं ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात 1978 साली लिहून ठेवलं म्हणून निदान तेवढं उरलं. ज्यांनी लिहून ठेवलं नाही ते ‘पारंपरिक’ झाले. चक्रमुद्रित पानांवर आपण प्रस्थापितांच्या नावाने बोंब मारतो की त्यांनी आम्हाला वगळलं. मग आपण ज्यांना वगळलं त्यांच्यासाठी बोंब कुणी मारायची?

कुणी म्हणेल, एवढा काय नावाचा सोस? गाणं समाजात पोचलं, बस झालं. गाणं ही करमणूक असती तर मी पण गप्प बसलो असतो. पण आपल्याकडे गाण्याची किंमत काय आहे ते बघा. 16 मे 2015 ला शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका पोराचा खून झाला. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद काढला गेला, असं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. रिंगटोन! गाण्याचा एवढासा तुकडा. 1997 साली 11 जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. 26 नोव्हेंबर 2010 ला विठ्ठल उमप नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले. ज्या गाण्यासाठी माणसं मारतात आणि ज्या गाण्यात माणसं मरतात, त्याच्यावर लिहिणाऱ्याचं नाव मागणं हा सोस? मग सोस नाही असं काय राहिलं?

हे सगळं आज का काढलं? तर यंदा टेकडीवरची पाच पोरं माझ्याकडे आली. त्यांना जयंतीसाठी स्वतःचा अल्बम काढायचाय. स्टुडिओ नाही, शेठ नाही. एका खोलीत गोधड्या टांगून, लॅपटॉप आणि एक माईक घेऊन. एक पोरगी गाते, कंपनीत पॅकिंगला जाते. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. म्हणाले, "काका, आजोबांचं गाणं द्या." मी रद्दीतली ती वही काढली. त्यांनी मोबाईलवर फोटो घेतले. आठ दिवसांनी ऐकवायला आले. छान केलं होतं. ढोलकी खरी होती, मशीनची नव्हती. गाणं संपलं आणि मी वाट बघत बसलो.

"शेवटचं कडवं?"

"काका, लांब होतंय. लोक पुढे ढकलतात. तीस सेकंदांत पकडलं नाही तर गेलं."

बघा कसं आकसत आलं. जलसा रात्रभर चालायचा. ग्रामोफोनच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटं मिळाली. कॅसेटवर सहा. डीजेने दोन ओळी ठेवल्या. आता तीस सेकंद. दरवेळी कात्री नवी, आणि दरवेळी कापायची जागा तीच. शेपूट. आणि आपल्या माणसाचं नाव तिथेच असतं.

पोरं वाईट नाहीत. त्यांनी शेठच्या काचेमागची खुर्ची कधी बघितली नाही, तरी तिच्यात जाऊन बसली. म्हणून पोरांनो, तुम्हाला जे त्या दिवशी बोललो नाही ते इथे लिहितो. तुमच्यानंतर येणाऱ्यांनाही लागू आहे.

पहिलं. गाणं बाबासाहेबांचं आहे, समाजाचं आहे, कबूल. ज्याला गायचंय त्याने बिनदिक्कत गावं. घरात, गल्लीत, विहारात, मोर्चात. एक पैसा नको. पण जो ते छापील, विकील, त्यावर जाहिरात चालवील, त्याने हिशेब द्यावा. तोंडाला मोफत, मशीनला हिशेब. ‘समाजाचं आहे’ म्हणून शेठला फुकट मिळत असेल तर ते समाजाचं नव्हतं, शेठचंच होतं.

दुसरं. कोऱ्या कागदावर सही नाही. माझ्या बापाला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत असू द्या. 1994 ला कायद्यात दुरुस्ती झाली, ती 1995 पासून लागू आहे. हक्क लिहून देताना कागदावर कुठलं गाणं, कुठले हक्क, किती पैसे, किती मुदत हे लिहिलेलं पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, जन्मभर नाही. 2012 च्या दुरुस्तीने लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा असा पक्का केला की सही करून दिला तरी तो कंपनीकडे जात नाही. त्याच दुरुस्तीने वाजवणाऱ्यालाही आपलं नाव लावून घेण्याचा हक्क दिला. ढोलकीवाल्यालाही! आणि लिहिणारा मेल्यावर 60 वर्षं हक्क त्याच्या वारसांचा राहतो. वामनदादांच्या शब्दांवरचा 2064 सालाच्या अखेरपर्यंत. म्हणजे ‘जुनं आहे, कुणाचंच नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला तारीख विचारा. अर्थात कायदा कपाटात झोपलेला असतो. आपण गेल्याशिवाय तो उठत नाही. पण झोपलेला का होईना, आहे.

तिसरं. ‘आणि पार्टी’, ‘आणि साथी’, ‘आणि कोरस’ बंद. सहा असतील तर सहा नावं. बारा असतील तर बारा. अल्बमचं आता पाकीट नसतं, पण खाली लिहायला जागा असते, आणि ती बॅनरसारखी भरत नाही. जी पोरगी पॅकिंगची पाळी करून गायला येते तिचं नाव आधी. ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी टेकडीवर, चाळीत, गावाकडे दहा म्हाताऱ्यांना विचारा. अकराव्याला नाव माहीत असतं.

चौथं, समित्यांना. डीजेला द्याल त्याच्या शेजारच्या ओळीत गायनपार्टीचा आकडा लिहा. आधी लिहा. नसेल द्यायचा तर पाया पडू नका, पाय दुखतात.

आणि शेवटचं. शेवटचं कडवं कापायचं नाही. लोक पुढे ढकलतील? ढकलू द्या. दहांतला एक ऐकेल. त्या एकाने 14 एप्रिलच्या रात्री कुणी दंड धरून विचारलं तर डीजेचं नाव सांगू नये, एवढंच मागतोय. ते कडवं ठेवणार असाल तर गाणं तुमचं, घ्या. एक पैसा नको. कापणार असाल तर वहीचे फोटो पुसून टाका.

पोरं विचार करून सांगतो म्हणाली. ती यावीत अशी माझी फार इच्छा आहे. आली नाहीत तर 13 तारखेला रात्री टेकडीवर मी स्वतः बसणार. गळा माझा फाटका आहे, ढोलकी बाची आहे, तिची शाई नवी चढवून घेतलीय. माईक नको, जनरेटर नको. पूर्ण नऊ मिनिटं गाणार. ज्यांना माझ्या बापाचं नाव ऐकायचंय त्यांनी शेवटपर्यंत बसावं.